विश्लेषण : आई घरकामावरून का चिडते? लातूर-नांदेडच्या घरांतला हिशेब काय सांगतो?

जेवण झाले की ताट तिथेच. मोटार चालू करून विसरलेली, टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली. दोरीवरचे कपडे दिवेलागणीपर्यंत दोरीवरच. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागली की आईचा आवाज चढतो आणि घरातले बाकीचे एकमेकांकडे बघतात. ‘आज आईचं काहीतरी बिनसलंय’ असा निकाल लागतो. ताट मात्र तिलाच उचलावे लागते. ही कुरबुर घरोघरी आहे. पण लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत तिला बारावी-नीटच्या वर्षांची, नळाच्या वेळापत्रकाची आणि उच्च न्यायालयाच्या एका बहुचर्चित निकालाचीही पार्श्वभूमी आहे. घरकाम नेमके कोण किती करते, त्यातले काय मोजले जाते आणि न्यायालये त्याकडे कसे पाहतात, याविषयी…

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०२४ या काळात देशभर ‘टाइम यूज सर्व्हे’, म्हणजे लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांतील साडेचार लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती त्यात आहे. सहा वर्षांवरील सर्वांना त्यात धरले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बातम्यांत एक तुलना ठळकपणे छापली गेली. घरातल्यांसाठीच्या बिनपगारी कामात स्त्रिया रोज २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते.

हे ८८ मिनिटांचे प्रकरण जरा बारकाईने पाहायला हवे. दीड तासाच्या जवळपास म्हटल्यावर कुणालाही वाटेल, पुरुष बऱ्यापैकी काम करतात की. पण ही सरासरी फक्त त्यांचीच आहे, ज्यांनी त्या दिवशी काही तरी घरकाम केले. असे पुरुष किती, तर २७.१ टक्के. म्हणजे दर चारांपैकी तिघांनी जवळपास काहीच केलेले नाही आणि ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. स्त्रियांमध्ये काम करणाऱ्यांचे प्रमाण ८१.५ टक्के आहे. सगळ्यांना धरून हिशेब मांडला, तर स्त्रीच्या वाट्याला रोज सुमारे २३६ मिनिटे येतात आणि पुरुषाच्या वाट्याला सुमारे २४. तिपटीचा वाटणारा फरक असा जवळपास दहापट होतो. लहान मुले, वृद्ध, आजारी यांची देखभाल यात नाही. तिचा हिशेब वेगळा आहे. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया देखभालीचे काम करतात आणि त्यात रोज १४० मिनिटे घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे आहे.

मोजणीतून काय निसटते?

या पाहणीत चोवीस तासांची नोंद पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार अशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत घेतली जाते. एका तुकड्यात जास्तीत जास्त तीन कामे लिहिता येतात, आणि तीही किमान दहा मिनिटे चाललेली हवीत. आता सकाळी सात ते साडेसात हा तुकडा घेऊ. बाई पोळ्या लाटते आहे. लाटता लाटता सिलिंडर संपत आल्याचे तिच्या ध्यानात येते, ती नंबर लावायला सांगते. सासूची गोळी राहिल्याचे आठवते. धाकट्याची फी भरायची आजची शेवटची तारीख आहे. नळ आला का, हे ती दोनदा विचारते. नोंदवहीत या अर्ध्या तासाचे नाव ‘स्वयंपाक’. बाकीचे कुठेही नाही, कारण त्यातले काहीच दहा मिनिटे चाललेले नाही.

आई चिडते ती बहुतेक वेळा याच न मोजलेल्या भागावरून. भांडी घासायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. भांडी घासायची आहेत हे लक्षात ठेवायला, कुणाला तरी सांगायला, त्याने ‘हो, करतो’ म्हटल्यावर वाट पाहायला, पुन्हा सांगायला आणि शेवटी स्वतः उठायला लागणारा वेळ वेगळा. ‘तू सांग ना काय करायचं, मी करतो,’ असे म्हणणारा नवरा किंवा मुलगा आपण मोठा समजूतदारपणा दाखवला असे समजतो. पण सांगण्याचे काम त्याने तिच्याकडेच ठेवलेले असते. मराठीत यासाठी ‘हातभार’ हा शब्द आहे. तो चांगला शब्द आहे, मात्र हातभार दुसऱ्याच्या कामाला लावायचा असतो, स्वतःच्या नव्हे.

आणखी एक गोष्ट या भागासाठी महत्त्वाची. बाहेरून पाणी आणणे हे काम या पाहणीच्या वर्गीकरणात घरकामात धरलेच जात नाही. सरपण गोळा करण्यासारखेच ते ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचे उत्पादन’ या वेगळ्या गटात जाते. म्हणजे वर दिलेल्या २८९ मिनिटांत हंडा-घागर नाही.

लातूर-नांदेडचे वेगळेपण कशात आहे?

पहिले कारण परीक्षा. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, त्याला आता काही दशके झाली. गुणवत्ता यादीचा काळ संपला. आता नीट आणि जेईईचा आहे. लातूरच्या ज्या भागाला लोक सरळ ‘ट्युशन एरिया’ म्हणतात तिथे आणि नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागांत दर जूनमध्ये नव्या मुलांची भर पडते. त्यातली बरीचशी वसतिगृहात किंवा खोली करून राहतात आणि मेसचा डबा लावतात. पूर्वी गावाकडून एसटीने डबा यायचा. वाहक-चालकांच्या भरवशावर भाकरी बसस्थानकात पोहोचायची. पण मोठा गट असा आहे, ज्यांच्याबरोबर आईच येते.

उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, कंधार, लोहा या तालुक्यांतून हे स्थलांतर होते. वडील शेतीसाठी किंवा नोकरीसाठी गावी राहतात. आई भाड्याच्या दोन खोल्यांत गॅस, चार भांडी आणि एक कूलर मांडून दोन वर्षे काढते. मुलाने ‘रिपीट’ केले तर तीन. या काळात घराच्या दोन चुली होतात. शहरातली चूल ती सांभाळते. गावातल्या चुलीचे काय, हा प्रश्न उरतोच. सासू असेल तर तिच्यावर पडते, थोरली मुलगी असेल तर तिच्यावर. सणासुदीला आई गावी परतते, तेव्हा दोन महिन्यांचे साचलेले घर तिची वाट पाहत असते. ‘मी तिथं काय आराम करायला जाते का?’ हे वाक्य अशा घरांत कितींदा तरी उच्चारले जाते.

शहरातल्या खोलीत वेगळाच प्रकार असतो. तिथे दोनच माणसे, आणि त्यातले एक पूर्णपणे कामातून मुक्त. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट सिरीज, रात्री अभ्यासिका. ‘लेकरू अभ्यास करायलंय, त्याला कशाला उठवता?’ हे आईचेच वाक्य असते. पाणी हातात, ताट हातात, कपडे घडी करून. सुरुवातीला ही व्यवस्था परीक्षेपुरती वाटते. पण अभ्यासाचे तास संपल्यावर मोबाइल हातात येतो आणि ताट तिथेच राहते, तेव्हा सूट आणि सवय यांतला फरक आईच्या लक्षात येतो. मग ती चिडते. त्या चिडण्यात थोडा स्वतःवरचाही राग असतो.

दुसरे कारण पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे देशाला आठवते. १२ एप्रिलच्या पहाटे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप आली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून १४४ कलमाखाली जमावबंदी लागली होती. ते वर्ष गेले, मांजरा धरण त्यानंतर अनेकदा भरले. तरी लातूरकरांच्या नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते. गोदावरीकाठच्या नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे, पण उन्हाळ्यात तिथल्या अनेक वस्त्यांतही पाण्याचे दिवस मोजावे लागतात.

अंतराने येणाऱ्या पाण्याचा घरकामाशी संबंध सरळ आहे. नळ येतो तेव्हा कुणीतरी घरी असलेच पाहिजे. मोटार लावायची, टाकी भरायची, पिण्याचे वेगळे गाळून ठेवायचे, पिंप घासून घ्यायचे, मग धुणे काढायचे. हे काम पुढे ढकलता येत नाही आणि वाटूनही घेता येत नाही, कारण वेळ महापालिका ठरवते. ज्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, तिथे पाण्याच्या दिवशी अर्धी रजा कुणाची पडते, हे सांगायची गरज नाही. पंप बंद करायला विसरलेल्या मुलावर आई इतकी का भडकते, हे पाणी रोज येणाऱ्या शहरातल्या माणसाला समजणार नाही. वाहून गेलेली ती टाकी पुढच्या चार-पाच दिवसांची असते.

मुलांना सूट देणारी आईच ना?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पूर्ण खोटा नाही. मुलाच्या हाती झाडू देणाऱ्या आईला सासू किंवा नणंद टोमणा मारते, हेही खरे आणि अनेक आयांना स्वतःलाच ते पाहवत नाही, हेही. पण मुलींच्या बाबतीत या सुटीचा अर्थ वेगळा आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. आज चाळिशीत असलेल्या मराठवाड्यातील कितीतरी आयांची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळण्यात, शेतावर डबा नेण्यात आणि मग लग्नात संपली. अशी आई मुलीला ‘तू भाकरीला हात लावू नकोस, पुस्तक घे,’ असे सांगते, तेव्हा ती आपल्या वाट्याला न आलेली गोष्ट तिला देत असते. त्याला लाड म्हणणे अन्यायाचे ठरेल.

अडचण अशी की मुलीची ही सूट तात्पुरती असते आणि मुलाची कायमची. पाहुणे आले, आई आजारी पडली, वडिलांना चहा हवा झाला, की अभ्यासातून उठवले जाते ते बहिणीला. भावाच्या सुटीचे कारण परीक्षा असते, परीक्षा संपल्यावरही कारण तेच राहते, किंवा कारणच लागत नाही. वैद्यकीय प्रवेश मिळवून छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या वसतिगृहात गेलेल्या मुलाला वरणभाताचा कुकर लावता येत नाही, ही गोष्ट नातेवाइकांत कौतुकाने सांगितली जाते. त्याच्याच वयाच्या मुलीबद्दल तीच गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगितली जाते.

सगळे घर कामाला लागते, असे कधी होतच नाही का?

होते. वेळ अमावास्येला, म्हणजे या भागातल्या ‘येळवशी’ला होते. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही तालुक्यांत मार्गशीर्ष अमावास्येला गावेच्या गावे शेतात जेवायला जातात. भज्जीसाठी आदल्या रात्री भाज्या आणि शेंगा निवडण्या-सोलण्यापासून आंबील, उंडे, खीर यांपर्यंत काम एवढे असते की एका बाईने ते उरकणे शक्यच नाही. त्या रात्री पुरुष आणि मुलेही परातीभोवती बसून शेंगा सोलतात, पहाटे डोक्यावर-गाडीवर सामान नेतात, कोपी घालतात, पूजा मांडतात. कुणाला तिसऱ्यांदा सांगावे लागत नाही. काम येत नाही, जमत नाही, वेळ नाही ही कारणे त्या दिवशी कुठे जातात, हा प्रश्न घराघरांतल्या आयांनी विचारायला हरकत नाही. अर्थात शिजवण्याचे मुख्य काम येळवशीलाही बायकाच करतात, आणि दुसऱ्या दिवशीची काळी पडलेली भांडीही त्याच घासतात.

न्यायालये घरकामाकडे कसे पाहतात?

नांदेडमध्ये नोंदवलेल्या एका गुन्ह्यामुळे हा प्रश्न २०२२ मध्ये देशभर चर्चेत आला. लग्नानंतर महिनाभर नीट वागवले, मग मोलकरणीसारखे राबवले आणि गाडीसाठी चार लाख रुपये मागितले, अशी एका विवाहितेची तक्रार होती. पती आणि सासरच्यांनी गुन्हा रद्द करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. राजेश पाटील यांच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. विवाहितेला कुटुंबासाठी घरकाम करायला सांगितले तर तिला मोलकरणीसारखे वागवले असे म्हणता येत नाही, घरकाम करायचे नसेल तर तिने ते लग्नाआधीच सांगायला हवे होते, असे निरीक्षण त्यात होते. न्यायालयासमोरचा मुद्दा मर्यादित होता. तक्रारीत छळाचा तपशील नव्हता आणि तपशिलाशिवाय ४९८अ कलम लागू होते का, एवढेच ठरवायचे होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते ‘लग्नाआधी सांगायला हवे होते’ हे निरीक्षण. हाच प्रश्न लग्नाआधी नवऱ्या मुलाला कोण विचारते, अशी प्रतिक्रिया तेव्हा उमटली आणि ती रास्त होती.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच उच्च न्यायालयाच्या मुंबईतील खंडपीठाने वेगळा सूर लावला. पत्नी सतत आईशी फोनवर बोलते आणि घरकाम करत नाही, हा क्रूरपणा आहे, असे सांगत एका पतीने घटस्फोट मागितला होता. नोकरीवरून आल्यावर सगळे काम आपल्यालाच करावे लागते, असे पत्नीचे म्हणणे होते. न्या. नितीन सांबरे आणि न्या. शर्मिला देशमुख यांनी पतीचे अपील फेटाळले. आजच्या समाजात घराची जबाबदारी दोघांनी सारखीच उचलायची आहे, ती एकट्या स्त्रीवर टाकणारी मानसिकता बदलायला हवी, असे त्यांनी म्हटले.

सर्वोच्च न्यायालयात हा विषय अपघाताच्या भरपाईतून आला. गृहिणी अपघातात गेली तर तिचे ‘उत्पन्न’ किती धरायचे? २०१० च्या एका निकालात न्या. ए. के. गांगुली यांनी २००१ च्या जनगणनेवर बोट ठेवले. तिथे गृहिणींना ‘काम न करणाऱ्यां’मध्ये, भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने बसवले होते. जानेवारी २०२१ मध्ये न्या. एन. व्ही. रमणा यांनी २०१९ च्या टाइम यूज पाहणीतले २९९ आणि ९७ हेच आकडे निकालात मांडले आणि गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे असे सांगितले. म्हणजे घरकामाला पैशांत किंमत लागते, पण ती करणारी बाई गेल्यावर.

या सगळ्या प्रकरणांत वाद सून-सासर किंवा पती-पत्नी यांचा, नाही तर विमा कंपनीशी आहे. हाताशी आलेला मुलगा ताट उचलत नाही, या आईच्या तक्रारीला कायद्यात जागा नाही, आणि असूही नये. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे; तो मुख्यतः पोटगीचा आहे.

दीड हजार रुपये हा घरकामाचा मोबदला आहे का?

‘लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना महिना दीड हजार रुपये, अशी ती योजना. ती आर्थिक साहाय्याची आहे. सरकारने तिला घरकामाची मजुरी म्हटलेले नाही. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये महिना हजार रुपयांची योजना आणली, तिच्या नावातच ‘महिलांचा हक्क’ आहे आणि स्त्रियांच्या बिनपगारी श्रमाची दखल घेण्याची भाषा तिथे उघडपणे वापरली गेली. हाती पैसा आल्याने घरातले वजन वाढते, हे खरेच. कामाची वाटणी मात्र त्याने बदलत नाही. उलट ‘आता पैसे मिळतात ना?’ असे ऐकवले जाण्याची शक्यता असते.

आइसलँडच्या स्त्रियांनी दुसरा मार्ग वापरून पाहिला. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवले. वडिलांना मुले घेऊन कामावर जावे लागले, पटकन शिजणारी सॉसेजेस दुकानांतून संपली. पुढच्या वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. ट्युशन एरियातल्या खोलीतली आई असा संप करू शकत नाही. उद्या मुलाची टेस्ट असते.

मग बदलते काय?

ज्या घरांत ही कुरबुर कमी झालेली दिसते, तिथे बहुधा एकच फरक असतो. एखादे काम आठवण्यापासून संपेपर्यंत पूर्णपणे दुसऱ्याचे झालेले असते. पाण्याचा दिवस वडिलांचा, म्हणजे नळ कधी येणार याची चौकशीही त्यांचीच आणि टाकी वाहिली तर बोलणीही त्यांनाच. रात्रीची भांडी मुलाची, परीक्षेच्या आठवड्यातही. पंधरा मिनिटांनी रँक जात नाही. पहिले काही दिवस भांडी तशीच राहतात, खरकट्याचा वास येतो, आणि आईला ते पाहून गप्प बसावे लागते. बहुतेक घरांत हा प्रयोग इथेच मोडतो, कारण ती तिसऱ्या दिवशी उठून घासून टाकते.

शाळेच्या पातळीवर एक छोटी गोष्ट झालेली आहे. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रे बदलली. आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना त्यात दाखवले गेले. तेव्हा त्यावर बातम्या झाल्या, थोडी थट्टाही झाली. ते पुस्तक हाती घेऊन दुसरीत बसलेली मुले २०३० मध्ये बारावीची परीक्षा देतील. त्यातली काही लातूरमध्ये, आईने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत राहत असतील.